पावसाळ्यात मुलांसाठी घरच्या घरी कलाप्रकल्प : काय वाळतं, काय बुरसतं?

सांजपावली
जुलै चालू आहे, शनिवार-रविवार घरातच जाणार. वयं ६ आणि ९. काय काय करता येईल ते सुचवा, पण तीन अटी आहेत.

१. विकतचं किट नको. घरात किंवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळेल तेवढंच सामान.
२. गॅस आणि सुरी मोठ्यांकडे, बाकी सगळं मुलांनी करायचं. आईबापांनी सगळं करून मुलांना शेवटी टिकल्या चिकटवायला द्यायच्या, असले प्रकल्प नकोत.
३. कोकणपट्टीतली हवा आहे, टॉवेल दोन दिवस वाळत नाही. तरी गणपतीच्या आरासीत ठेवता येईल असं एखादं तरी काम त्यातून निघावं.

एक जोडप्रश्न. कागदाच्या लगद्याचा वाडगा तिसऱ्या दिवशी हिरवा-काळा होतो. नेमकं काय चुकतं?

खटपट्या
जोडप्रश्नापासून सुरुवात करतो.

लगदा बुरसतो कारण तो वाळायच्या आधी बुरशीला उगवायला वेळ मिळतो. म्हणजे शर्यत आहे ती वेळेची. एक सेंटिमीटर जाडीचा लगदा पावसाळी हवेत आतून वाळायला पाच-सहा दिवस घेतो, बुरशी दोन-तीन दिवसांत दिसते. त्यात मैद्याची खळ घातली की बुरशीला पंगतच मांडून दिली.

पावसाळ्यात लगदा करूच नका. त्याऐवजी कागदाच्या पट्ट्यांचा वाडगा करा:

स्टीलची वाटी पालथी घालून तिच्यावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी ताणून बसवा. तेल-तूप लावायचं असेल तर पुसट, जास्त झालं तर पहिला थर तेल पितो आणि नंतर रंग धरत नाही. वर्तमानपत्राच्या दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्या करायच्या, पण कापायच्या नाहीत, फाडायच्या. फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे असतात, ते शेजारच्या पट्टीत मिसळून जातात. कापलेली कड रंगाखालूनही उठून दिसते. कागद एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. ती सरळ दिशा मुलांनाच शोधू द्या, सहा वर्षांच्या मुलाला हेच काम सगळ्यात आवडतं.

पट्टी खळीत बुडवून दोन बोटांत निपटायची. खळ गळत असेल तर ती जास्त झाली. पहिला थर छापील कागदाचा, दुसरा कोऱ्या कागदाचा, तिसरा पुन्हा छापील. असं केलं की कुठे झाकायचं राहिलं ते लगेच दिसतं. एका दिवशी तीनच थर. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर आणखी तीन. सहा थरांत वाडगा खणखणीत होतो.

फुग्यावर करू नका. वाळेपर्यंत फुगा सैलावतो आणि आतला थर सुरकुततो.

अर्धा_कप
खळीचं प्रमाण कुणी देत नाही, म्हणून देते.

पाव वाटी मैदा, पाव वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा. पावणेदोन वाट्या पाणी उकळून त्यात ही पेस्ट ओतायची आणि मंद आंचेवर ढवळत राहायचं. तीन-चार मिनिटांत पांढरटपणा जाऊन खळ किंचित पारदर्शक होते आणि पळीला धरते. तिथे गॅस बंद. गार होताना ती आणखी घट्ट होते, त्यामुळे पातळ वाटली तरी थांबा.

मैदा नुसत्या गार पाण्यात कालवून वापरला तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. पिठातला स्टार्च उष्णतेनेच फुगतो आणि मग चिकटतो. खळ फ्रीजमध्ये चार दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकायची.

कोकणकडा
खळीत चिमूटभर मोरचूद घालायचं. पूर्वी पोस्टर चिकटवणारे आणि बाईंडिंगवाले घालायचे. बुरशी नाही, झुरळं नाहीत, विषय संपला.

निंबोणी
कोकणकडा, विषय संपेलच, पण भलत्याच अर्थाने. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते पोटात गेलं तर विषारी आणि डोळ्यांत गेलं तर इजा करणारं. इथे सहा वर्षांचं मूल खळीत कोपरापर्यंत हात घालणार आहे आणि तोच हात तोंडात जाणार आहे. शिवाय त्याचा निळा खडा मुलांना खडीसाखरेसारखा दिसतो. लहान मुलांच्या घरात ती पुडीच नको.

वर दिलेल्या मापाच्या खळीत पाव चहाचा चमचा तुरटीची पूड पुरते. हवे असतील तर लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब, त्याने आंबूस वासही झाकतो.

कोकणकडा
मान्य. बाईंडिंगवाल्यांचं बाईंडिंगवाल्यांकडे. पण तुरटीने कागद पिवळा पडतो हेही लिहा.

निंबोणी
पडतो आणि कालांतराने ठिसूळही होतो, तुरटी आम्लधर्मी असते म्हणून. पण वाडगा रंगवायचा आहे, पुराभिलेखागारात ठेवायचा नाहीये.

वाटीभरवरण
मेथी विसरलात सगळे. लगद्याच्या टोपल्या घरोघर व्हायच्या तेव्हा मेथी दळून घालायचे. रद्दीच्या आठ-दहा दुहेरी पानांना अर्धी वाटी मेथी, दोन्ही वेगवेगळं रात्रभर भिजवून, मग वाटून एकत्र मळायचं. मेथीचा बुळबुळीतपणा चिकटवायचं काम करतो आणि कडू वासामुळे कीड लागत नाही. वरून मुलतानी मातीचा हात द्यायचा, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. त्या टोपल्यांत लोक वर्षानुवर्षं धान्य ठेवत.

खटपट्या
वाटीभरवरण, पद्धत अव्वल, महिना चुकला. मेथीचा तोच बुळबुळीतपणा पाणी धरून ठेवतो, म्हणून मेथीचा लगदा साध्या लगद्यापेक्षाही सावकाश वाळतो. त्या टोपल्या उन्हाळ्यात अंगणात व्हायच्या, त्या उगाच नाही. दिवाळीनंतर करा, किंवा सरळ एप्रिलमध्ये.

दुपारचा_चहा
मेथीच्या लगद्यात मुलांचा हात अडकला तर निदान कडूमुळे बोट तरी चोखणार नाहीत. :)

पंखा_पाच_वर
वाळवण्याबद्दल थोडं, कारण अर्धा धागा त्यावरच अडलाय.

हेअर ड्रायर आणि ओव्हन टाळा. गरम झोताने वरची कातडी आधी वाळते आणि आकसते, आतला ओलावा कोंडतो. वरून कडक, दाबलं की मऊ. असा वाडगा रंगवला की आठवड्याने रंगाखालून काळे ठिपके येतात. हवा गरम नसली तरी चालेल, हलती हवी. वस्तू चाळणीवर किंवा कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या दांड्यांवर ठेवा, म्हणजे तळालाही वारा लागतो. जमिनीवर वर्तमानपत्र घालून ठेवलं तर तो कागदच ओला होतो आणि तळ शेवटपर्यंत वाळत नाही. छताच्या पंख्याखाली दर चार तासांनी उलटायचं. साच्यावरून वस्तू जितकी लवकर उतरवाल तितकं बरं. तीन थर झाल्यावर दुसऱ्या दिवशी वाटी काढून घ्या आणि पुढचे थर मोकळ्या वाडग्यावर द्या.

वाळलं का ते ओळखायला वस्तू गालाला लावा. गार लागली तर आत पाणी आहे, कारण ते अजून उडतंय. खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि सकाळ-संध्याकाळ वजन लिहा. लागोपाठ दोन वेळा तेच आलं की वाळलं. नऊ वर्षांच्या मुलाला हा तक्ता करायला द्या.

जास्वंद_०७
मिठाच्या कणकेचं नाव कुणी घेतलं नाही. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, लागेल तसं पाऊण ते एक वाटी पाणी. पुरीच्या कणकेइतकी घट्ट मळायची. पाच मिलिमीटरपेक्षा जाड लाटायची नाही. पणत्या, बिल्ले, नावाच्या पाट्या छान होतात.

पंखा_पाच_वर
मार्चमध्ये छान होतात. मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलसर होतं ना, तेच या पाटीचं होणार. वाळलेली पाटी पुन्हा चिकट होते, रंग घाम आल्यासारखा ओघळतो.

जास्वंद_०७
वार्निश दिलं तर?

पंखा_पाच_वर
सगळ्या बाजूंनी, भोकाच्या आतल्या कडेलासुद्धा, दोन हात दिलेत तर वाचेल. एक टाचणीएवढी जागा सुटली की तिथून सुरू. सहा वर्षांच्या मुलाकडून हे होत नाही, म्हणजे मोठ्यांनी करणं आलं. धागाकर्तीची अट क्रमांक दोन.

गोकर्णीचा_वेल
अहो, ओल्यातच कशाला शिरता? पावसाळ्यात मुळात वाळवायला फार काही नसलेली कामं घ्या. हळदीचा कागद करा, पंधरा मिनिटांत तयार.

एक चहाचा चमचा हळद, तीन मोठे चमचे पातळ सॅनिटायझर किंवा सर्जिकल स्पिरिट. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतो. मिनिटभर ढवळून गाळ खाली बसू द्या आणि वरचं पिवळं पाणी कापसाने चित्रकलेच्या जाड कागदावर फिरवा. दहा मिनिटांत वाळतो. हे काम मोठ्यांसमोर, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस, निरांजन, उदबत्ती यांपासून लांब. स्पिरिट पेट घेतं.

आता पाव वाटी पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. कापसाची काडी त्यात बुडवून पिवळ्या कागदावर चित्र काढायचं. रेघ नारिंगी-लाल उमटते. अंगाच्या साबणाची ओली वडी घासली तरी लाल होतं. लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळं, म्हणजे लिंबू हे खोडरबर. हळदीचं कुंकू होतं ते हळदीच्या याच गुणावर.

धुण्याच्या सोड्याने रंग जास्त गडद येतो, पण तो हात जाळतो. चुना तर नकोच, डोळ्यांत गेला तर महागात पडेल.

चूक हमखास होते ती एकच. मुलं सोड्याचं पाणी भरपूर लावतात, ते पसरतं आणि अख्खा कागद तांबडा होतो. काडी भांड्याच्या काठाला निपटून घ्यायची.

सांजपावली
हे फारच आवडलं. किती टिकतं?

गोकर्णीचा_वेल
उजेडात हळद झपाट्याने उडते. भिंतीवर लावलंत तर काही दिवसांत फिकं. वहीत मिटून ठेवलं तर बराच काळ राहतं. आरासीत लावायचं असेल तर आदल्या दिवशी करा.

याच जातीतलं दुसरं काम म्हणजे गोकर्ण, पावसात भरभरून फुलतो. निळी दहा-बारा फुलं अर्धी वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. तीन वाट्या करायच्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत लिंबाचे थेंब, तिसरीत चिमूट सोडा. निळा, जांभळा-गुलाबी आणि हिरवट असे तीन रंग एकाच फुलातून मिळतात. कागद मात्र जाड हवा, वहीचं पान पोपडतं.

भेंडीबाजार
ठसे! जुनंच काम, पण लोक ते नीट करत नाहीत म्हणून बिघडतं.

भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल. लगेच ठसा मारला तर बुळबुळीने रंग घसरतो आणि फुलाचा चिखल होतो. कापून अर्धा तास पंख्याखाली ठेवा. बटाटा कापल्यावर पाणी सोडतो, कापलेली बाजू फडक्यावर दहा मिनिटं पालथी ठेवून मग वापरा. नाहीतर पहिले चार ठसे फिके येतात आणि मूल म्हणतं माझंच चुकतंय.

रंग थेट वाटीतून घ्यायचा नाही. भांडी घासायचा स्पंज ओला करून घट्ट पिळायचा, बशीत ठेवून त्यावर एक मोठा चमचा पोस्टर कलर पसरायचा. झाला स्टॅम्प पॅड. कागदाखाली वर्तमानपत्राची आठ-दहा पानांची घडी ठेवा. खाली जरा मऊ असलं की ठशाच्या मधलाही भाग उमटतो. दाबून हलवायचं नाही, दाबून उचलायचं.

बटाट्यावर अक्षर कोरायचं असेल तर उलटं. 'म' आणि 'ग' यांचा गोंधळ ठरलेला, आधी आरशात बघून घ्या.

दुपारचा_चहा
पावशेर भेंडीचे ठसे झाले की संध्याकाळी पोळीबरोबर काय? अन्नाची नासाडी वगैरे वगैरे.

भेंडीबाजार
भाजीचं सामान भाजीला, देठं कलेला. भेंडीचं देठाकडचं टोक, कांद्याचा मुळाकडचा तुकडा, पिळून झालेली लिंबाची वाटी, कारल्याचं टोक, मक्याचं बुरकुंड. बुरकुंड रंगवून कागदावर लाटण्यासारखं फिरवलं की ठिपक्यांची पट्टी मिळते. कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूच जास्त चांगल्या उमटतात.

गेरूचा_हात
आरासीसाठी विचारलं आहे तर वारली घ्या. पण 'वारली म्हणजे काड्यांची माणसं' असं शिकवू नका. धड म्हणजे दोन त्रिकोण, कमरेशी टोकाला टोक लावलेले, वरचा थोडा मोठा. डोकं गोल. हातपाय एका रेघेचे, पण कोपर आणि गुडघा वळवला की माणूस चालायला लागतो. वळवला नाही तर वाहतुकीचा फलक दिसतो.

मूळ चित्रं कुडाच्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने, लग्नातला चौक आणि त्यात पालघट देवी अशी. ती सवाशिणी काढत. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदा-कापडावर आणली आणि रोजच्या जगण्याची चित्रं केली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांना चित्र काढायला देताना एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात.

घरी करताना वह्यांच्या कव्हराचा तपकिरी कागद घ्या, खरखरीत बाजू वर. गुळगुळीत बाजूवर पांढरा रंग थेंब होऊन बसतो. नुसतं तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं तर वाळून झडतं. दोन चमचे बारीक पिठीला एक चमचा डिंकाचं घट्ट पाणी घाला, नाहीतर पांढरा पोस्टर कलर दाट ताकाइतका पातळ करा. ब्रशऐवजी खराट्याची काडी घेऊन टोक ठेचायचं. मूळ कलाकार बांबूची काडी चावून घेतात. ब्रशने मुलांची रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, काडीने ती सारखी येते.

तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) नाच काढायचा तर आधी पेन्सिलने पुसट भोवरा. त्यावर दोन-दोन सेंटिमीटरवर आधी सगळी डोकी, मग सगळी धडं, शेवटी हात. एकेक माणूस पूर्ण करत गेलं की आतल्या वळणावर दाटी होते आणि शेवटच्या तिघांना जागा उरत नाही.

तिरपा_चौकोन
यावर माझं वेगळं मत आहे. भोवरा काढून द्या, अंतर मोजून द्या, धड असंच काढा. मग यात मुलाचं काय राहिलं? छापील चित्र रंगवायला देण्यात आणि यात फरक काय?

गेरूचा_हात
छापील चित्रात मुलाला फक्त रंग निवडता येतो. इथे घडण ठरलेली आहे, माणसं काय करतायत ते ठरलेलं नाही. त्याच दोन त्रिकोणांतून मूल छत्रीवाला माणूस काढेल, क्रिकेट काढेल, भरलेली लोकल काढेल. काढू द्या. मी फक्त एवढंच बघेन की त्रिकोणांना टोक आहे.

निंबोणी
तिरपा_चौकोन यांचा मुद्दा अगदीच सोडून देऊ नये. मोठ्यांनी शेजारी बसून आपलं 'नमुन्याचं' चित्र काढलं की मूल त्याचीच नक्कल करतं. पद्धत दाखवायची तर वेगळ्या कागदावर एकच माणूस काढून दाखवा आणि तो कागद उचलून ठेवा.

तिरपा_चौकोन
+१. एवढं केलं तरी पुरे.

वाडीचा_गंजिफा
सावंतवाडीचं काहीतरी आलंच पाहिजे. गंजिफा करा! गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे बारा दाहे एकशेवीस पत्ते. घरी चार रंग पुरेत, अठ्ठेचाळीस पत्ते.

जुन्या लग्नपत्रिकांचा कागद त्याला उत्तम. सात सेंटिमीटरच्या झाकणाने गोल आखायचे. दोन गोल पाठीला पाठ लावून चिकटवायचे. पावसाळ्यात खळ नको, ग्लू स्टिक घ्या. ओल्या गोंदाने कागद आधी फुगतो, वाळताना आकसतो आणि पत्त्याची पुरी होते. चिकटवून झालं की रात्रभर जाड पुस्तकांखाली.

चिन्हं मुलांनी ठरवायची. मासा आणि कासव अवतारांतले ठेवा, उरलेली दोन पावसाळ्यातली घ्या, खेकडा, बेडूक, अळूचं पान, गमबूट. चिन्ह इतकं सोपं हवं की एकाच पत्त्यावर दहा वेळा काढता येईल. गमबूट निवडणारं मूल दशकापर्यंत येता येता रडकुंडीला येतं, हे आधी सांगून ठेवा. मूळ पत्त्यांवर लाखेचा हात असतो. घरी रंग पूर्ण वाळल्यावर पांढरी मेणबत्ती घासून मऊ फडक्याने पुसा. पत्ते सरकतात आणि घामट हाताने रंग निघत नाही.

काडेपेटी
अवांतर, दिवाळीसाठी आत्ताच लिहून ठेवतो, कारण आकाशकंदिलाचा सांगाडा पावसाळ्यात करून ठेवता येतो, त्यात ओलं काहीच नाही.

पारंपरिक कंदील लोक एकदम उभा करायला जातात आणि तो लोळागोळा होतो. चौकोनाच्या चार काड्या कोपऱ्यात बांधल्या तरी तो तिरका होतो, त्रिकोण तसा होत नाही. म्हणून उभा करायचाच नाही. १५ सेंटिमीटरच्या २४ काड्या घ्या, त्यांचे सहा सुटे चौकोन करा. प्रत्येकावर टेबलावर सपाट ठेवूनच पतंगी कागद लावा. कागद चौकोनाला काटकोनात धरून ठेवतो. मग कोपऱ्याला कोपरा बांधत जा. चार चौकोन कडेने माळेसारखे, एक वर, एक खाली. एकूण बारा गाठी. मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, ते दुसऱ्या रंगाच्या कागदाने भरा. हा कंदील आरपार ३० सेंटिमीटरचा होतो. वरचा चौकोन उघडा ठेवायचा, बल्ब एलईडी आणि पाच वॉटच्या आतला.

काड्या जोडायला दोऱ्याऐवजी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरा, दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची आगपेटीच्या काड्यांची रचना ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्या ट्यूबच्या मापाची बारीक काडी मात्र हवी, कामट्या असतील तर दोराच.

दुपारचा_चहा
सदस्यनाम सार्थ केलंत, काडेपेटी.

अर्धा_कप
काडेपेटी, कागद लावताना एक सांभाळा. ताणून लावू नका. खळीच्या ओलीने कागद ढिला पडतो, तेव्हा मुलं ओढून बसवतात आणि वाळताना तो आकसून मधोमध टरकतो. ढिला दिसला तरी तसाच सोडायचा, वाळला की ढोलकीसारखा ताठ होतो.

मावळा_नं_३
दिवाळीपर्यंत पोचलातच तर किल्लाही येऊ द्या. हळीव दोन-तीन दिवसांत उगवतो, मोहरीला चार लागतात. आठ दिवस आधी पेरलंत तर वसुबारसेला किल्ल्यावर जंगल माजतं आणि महाराज दिसत नाहीत.

सांजपावली
धागा दिवाळीला जाऊन पोचला, मी अजून आषाढात आहे. :) त्याआधी श्रावण, पोळा, गणपती आहेत. मातीचं काही?

खटपट्या
पोळ्याचे बैल. माती शाडूची असो की बागेतली चाळलेली चिकण, आधी दहा मिनिटं आपटून मळायची. आत हवा राहिली की तिथेच तडा जातो. पाय वेगळे चिकटवायचे नाहीत. वाळताना सांधा आकसतो आणि बैल बसतो. एकाच लाडूतून चार पाय चिमटीने ओढून काढायचे, अंगठ्याएवढे जाड. शिंगं बारीक असल्याने आधी वाळतात आणि गळतात, म्हणून तिथे टूथपिकचे तुकडे खोचा. वशिंड करायला मुलं विसरतात, मग बैलाचा कुत्रा होतो.

वाळवताना पहिले दोन दिवस पायांवर आणि कानांवर ओलसर फडकं. बारीक भाग आणि पोट एकाच वेगाने वाळायला हवेत. बोटभर जाडीचा बैल पावसाळ्यात पाच-सहा दिवस घेईल. मैदा नाही, त्यामुळे बुरशीची काळजी फारशी नाही. पोळ्याच्या आठवडाभर आधी करा.

फिनिक्सचा_बाळ्या
आमच्याकडे ॲरिझोनात उलटं रडगाणं. हवा इतकी कोरडी की मातीचा बैल संध्याकाळपर्यंत वाळतो आणि रात्री मोडतो. इथल्यांनी वस्तू पालथ्या पातेल्याखाली झाकून वाळवावी, पहिले दोन दिवस. मिठाची कणीक मात्र इथे वर्षभर चालते, जास्वंद_०७ यांनी इकडे यावं.

निंबोणी
खास पावसाळ्याचं एक राहिलं, पिंपळपानाची जाळी. पूर्ण वाढलेली निबर पानं, किडीची नकोत. बादलीत बुडवून वर दगड. चार दिवसांनी पाणी बदलायचं. तीन-चार आठवड्यांत हिरवा गर सडून बुळबुळीत होतो. पान बशीत पाण्यात ठेवून जुन्या मऊ टूथब्रशने देठाकडून टोकाकडे हलकं थोपटायचं. घासलं की फाटतं. जाळी टीपकागदात दाबून वाळवा, ती एका तासात वाळते.

वास येतो. बादली बाल्कनीत, झाकण लावून. डासांमुळेही झाकण हवंच.

घाई असेल तर लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून तास-दीड तास मंद उकळतात. पण ते मोठ्यांचं काम, हातमोजे घालून आणि ॲल्युमिनियमचं पातेलं न घेता, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो.

सांजपावली
सगळ्यांचे आभार. वेळापत्रक असं ठरवलं आहे:

पिंपळाची पानं आजच बादलीत. या शनिवारी हळदीचा कागद आणि गोकर्ण. पुढच्या आठवड्यात देठांचे ठसे. मग वारली, आणि तीच आरासीची मागची भिंत. थर्माकोल २०१८ च्या बंदीपासून बाद आहेच. गंजिफा रोज थोडा थोडा. पोळ्याआधी बैल. पट्ट्यांचा वाडगा प्रसादासाठी करायचा विचार आहे. लगदा आणि मेथी एप्रिलमध्ये.

एक शंका. वारलीचे तपकिरी कागद जोडून चार फूट बाय तीन फूट पार्श्वभूमी करायची आहे. खळीनेच जोडू का?

गेरूचा_हात
खळीने नको, चार फुटांत सांध्याला लाटा येतात. मागच्या बाजूने तपकिरी कागदी चिकटपट्टी लावा. आणि चित्र काढल्यावर जोडू नका, आधी जोडा. नाहीतर तारपेवाल्याचं डोकं एका कागदावर आणि तारपा दुसऱ्यावर, दोन्हींत बोटभर अंतर.

खटपट्या
वाडग्यात प्रसाद थेट ठेवू नका. छापील शाई, खळ आणि पोस्टर कलर, यातलं काहीच खाण्याला लागायला नको. आत केळीचं पान किंवा स्टीलची वाटी बसवा. ज्या वाटीवर वाडगा केलात तीच त्यात नेमकी बसेल.

दुपारचा_चहा
म्हणजे सहा थर देऊन शेवटी वाटीला वाटीच मिळाली.